लुइझा मे ऑल्कट : मायलेकींच्या पत्रांतले आयुष्य

शांता शेळके यांनी ‘लिटल विमेन’ या अमेरिकन कादंबरीचा ‘चौघीजणी’ या नावाने केलेला अनुवाद ज्याच्या कपाटात नाही असे मराठी ग्रंथालय विरळाच. महाराष्ट्रापासून दूर, परमुलखात पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या मराठी घरांतही मेग, ज्यो, बेथ आणि एमी या चार बहिणी शेजारच्या आळीत राहणाऱ्या मुलींसारख्या ओळखीच्या झाल्या आहेत. त्या चौघींइतकीच वाचकाच्या मनात ठसते ती त्यांची आई. नवरा युद्धावर गेलेला, हाती पैसा नाही, आणि तरीही जिच्या बोलण्यात कडवटपणा येत नाही अशी ही बाई. पण कादंबरीच्या पूर्वार्धात एक प्रसंग आहे. ज्योच्या रागामुळे धाकटी एमी गोठलेल्या नदीत पडते आणि थोडक्यात वाचते. त्या रात्री पश्चात्तापाने रडणाऱ्या ज्योला आई सांगते, की आपल्यालाही आयुष्यात जवळजवळ रोज राग येत आला आहे. चाळीस वर्षांच्या प्रयत्नाने तो दाबून ठेवणे तेवढे जमले आहे. वाचक हे वाचतो आणि पुढे जातो. लेखिकेच्या चरित्राचा मागोवा घेणाऱ्याला मात्र येथेच थांबावे लागते. कारण हा राग कल्पनेतला नव्हे. तो एका खऱ्याखुऱ्या आईचा होता. तिने तो आपल्या रोजनिशीत आणि पत्रांत उतरवला होता, आणि तोच स्वभाव आपल्या दुसऱ्या मुलीत उतरलेला पाहून तिने त्या मुलीच्या हाती लेखणी दिली होती.

ती मुलगी म्हणजे लुइझा मे ऑल्कट. तिचा जन्म २९ नोव्हेंबर १८३२ रोजी पेनसिल्व्हेनियातील जर्मनटाउन या गावी झाला. हे गाव पुढे १८५४ मध्ये फिलाडेल्फिया शहरात सामावले गेले. आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यक शिकण्यासाठी गेल्या ते हेच फिलाडेल्फिया. योगायोग असा, की लुइझाचे वडील ब्रॉन्सन ऑल्कट यांचाही जन्मदिवस २९ नोव्हेंबरच. कनेक्टिकटमधील एका गरीब शेतकऱ्याच्या घरी १७९९ साली जन्मलेले हे गृहस्थ तरुणपणी दक्षिणेकडील राज्यांत पाठीवर माल घेऊन फेरीचा धंदा करीत. पुढे स्वतःच्या वाचनावर ते शिक्षक झाले. मुलांना छडीने शिकवू नये, त्यांना प्रश्न विचारून बोलते करावे, ही त्यांची शिक्षणपद्धती त्या काळाच्या फार पुढची होती.

आईचे घराणे अगदी वेगळे. अ‍ॅबिगेल मे यांचा जन्म ८ ऑक्टोबर १८०० रोजी बोस्टनमध्ये झाला. वडील कर्नल जोसेफ मे हे शहरातले प्रतिष्ठित नागरिक. थोरले भाऊ सॅम्युअल हे युनिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक आणि गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीचे खंदे कार्यकर्ते. हा युनिटेरियन पंथ मराठी वाचकांना अगदीच परका नाही; महर्षी विठ्ठल रामजी शिंदे ऑक्सफर्डला १९०१ ते १९०३ या काळात शिकले ते याच पंथाच्या साहाय्याने. भावाप्रमाणे महाविद्यालयात जाण्याची वाट मुलींना त्या काळी बंदच होती. अ‍ॅबिगेलबाईंनी खाजगी शिकवणीतून लॅटिन, इतिहास, वनस्पतिशास्त्र असे विषय आत्मसात केले. १८२७ साली भावाच्या घरी त्यांची ब्रॉन्सन यांच्याशी गाठ पडली आणि २३ मे १८३० रोजी बोस्टनच्या किंग्ज चॅपलमध्ये विवाह झाला. पुढल्या दहा वर्षांत अ‍ॅना, लुइझा, एलिझाबेथ आणि मे अशा चार मुली झाल्या.

ब्रॉन्सन विचारवंत होते, सज्जन होते, पण पैसा मिळवणे त्यांना कधी साधले नाही, आणि खरे सांगायचे तर ते साधावे असे त्यांना फारसे वाटलेही नाही. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या मराठी वाचकाला असा नवरा अगदी अनोळखी वाटणार नाही. १८३४ साली त्यांनी बोस्टनमध्ये टेम्पल स्कूल काढले. मुलांशी बायबलमधील शुभवर्तमानांवर केलेल्या मोकळ्या संवादांचे पुस्तक त्यांनी छापले आणि गावात गहजब झाला. पालकांनी मुले काढून घेतली. नंतरच्या लहानशा शाळेत त्यांनी एका कृष्णवर्णीय मुलीला प्रवेश दिला तेव्हा उरलेलेही गेले. १८४० साली कर्जाचा बोजा घेऊन हे कुटुंब कॉन्कर्ड या गावी आले. तेथे इमर्सन राहत होते, थोरो राहत होते. अतींद्रियवादी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मंडळींत भगवद्गीता आस्थेने वाचली जाई, आणि ब्रॉन्सनही तिच्या वाचकांपैकी होते. उदात्त विचारांची घरात रेलचेल होती. वाण्याचे बिल मात्र थकलेले असे.

१८४३ सालच्या जूनमध्ये ब्रॉन्सन आणि त्यांचे इंग्रज स्नेही चार्ल्स लेन यांनी मॅसॅच्युसेट्समधील हार्वर्ड या खेड्याजवळ ‘फ्रूटलँड्स’ नावाची वसाहत स्थापन केली. तेथे मांस नाही, दूध नाही, चहा नाही. जनावरांना राबवायचे नाही. कापूस गुलामांच्या श्रमाने पिकतो म्हणून सुती कपडा नाही, लोकर मेंढीच्या मालकीची म्हणून लोकरीचा नाही. घालायचे ते फक्त तागाचे. तत्त्व म्हणून यातले पुष्कळसे आदरणीय आहे. पण पुरुष मंडळी व्याख्यानांना आणि चर्चांना निघून गेली की पीक, स्वयंपाक, धुणे आणि दिवाबत्ती हे सारे अ‍ॅबिगेलबाई आणि लहान मुलींवर पडे. तीस वर्षांनी लुइझाने या प्रयोगावर एक विनोदी कथा लिहिली. तीत पाहुणा विचारतो, की या शेतावर ओझ्याचे जनावर कोणी आहे का, आणि उत्तर मिळते, की एक बाई तेवढी आहे. विनोद खरा, पण तो सुचायला तीस वर्षे जावी लागली.

हिवाळ्यात प्रकरण हातघाईवर आले. लेन यांच्या मते कुटुंब ही संस्थाच आत्मिक उन्नतीच्या आड येणारी होती, आणि ब्रॉन्सन डळमळत होते. डिसेंबरच्या एका संध्याकाळी आईवडिलांनी दोन थोरल्या मुलींना बसवून वेगळे होण्याविषयी बोलणे काढले. सगळे रडले. नुकतीच अकरा वर्षांची झालेली लुइझा आणि थोरली अ‍ॅना अंथरुणात पडूनही रडत राहिल्या, आणि आम्हा सर्वांना एकत्र ठेव अशी प्रार्थना लुइझाने देवाजवळ केली. हे तिने आपल्या रोजनिशीत नोंदवले आहे. अखेर निर्णय घेतला तो अ‍ॅबिगेलबाईंनी. भावाच्या मदतीचा आधार धरून, मुलींना घेऊन आपण येथून जाणार असे त्यांनी ठामपणे सांगितले. १८४४ च्या जानेवारीत वसाहत मोडली. ब्रॉन्सन अन्नपाणी सोडून भिंतीकडे तोंड करून पडले. त्यांना पुन्हा उभे केले तेही बाईंनीच.

येथे या घरातल्या लिहिण्याच्या रीतीविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. ऑल्कटांच्या घरी प्रत्येक मुलीने रोजनिशी ठेवावी असा दंडक होता, आणि ती रोजनिशी आईवडिलांनी वाचावी हेही गृहीत होते. आजच्या दृष्टीने ही मुलांच्या मनावरची पाळतच म्हणावी लागेल. ब्रॉन्सन यांच्या हातून ती तशी झालीही. वाढदिवसाला ते मुलींना पत्रे लिहीत, त्यांत आत्मसंयमाचे, विकारांवर विजय मिळवण्याचे पाठ असत. गोऱ्या वर्णाची, शांत स्वभावाची अ‍ॅना त्यांना आदर्श वाटे. काळेभोर केस, सावळा रंग आणि भडक डोके असलेली लुइझा त्यांना कोड्यासारखी वाटे, आणि हा स्वभाव आईकडून आला आहे हे ते बोलून दाखवीत.

आईची रीत निराळी. लुइझाच्या रोजनिशीच्या पानांत त्या लहानलहान चिठ्ठ्या ठेवीत, आणि मुलगीही तेथेच उत्तर लिहून ठेवी. एकाच छपराखाली राहणाऱ्या, दिवसभर एकमेकींच्या नजरेसमोर वावरणाऱ्या मायलेकी एकमेकींना पत्रे का लिहितात, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर असे, की भडक डोक्याच्या माणसाला तोंडाने जे सांगता येत नाही ते कागदावर सांगता येते. लुइझा दिवसा चिडे, बहिणींशी भांडे, आणि रात्री आईच्या नावे चिठ्ठी लिहून ठेवी. आई उत्तरात रागावत नसे. तुझे अक्षर सुधारते आहे, मनातले विचार लिहीत जा, त्यामुळे तुला स्वतःची ओळख पटेल, असे त्या कळवीत. आणि आपल्यालाही हाच रोग आहे हे लपवीत नसत. आशा सोडू नये आणि हात रिकामे ठेवू नयेत हे त्यांचे नेहमीचे सांगणे. पुढे तर त्यांनी घरातच एक टपाल सुरू केले. थोरामोठ्यांनी आणि मुलांनी दिवसभरातले मनोगत लिहून त्यात टाकायचे, आणि संध्याकाळी जेवणे झाल्यावर ते ज्याचे त्याला वाटायचे. ‘चौघीजणी’त कुंपणात ठेवलेले टपालघर वाचकांना आठवत असेल, त्याचे मूळ या घरच्या टपालात आहे.

दहाव्या वाढदिवसाला अ‍ॅबिगेलबाईंनी लुइझाला पेन्सिलीची डबी दिली आणि सोबतच्या पत्रात लिहिले, की तुला लिहिण्याची आवड आहे हे मी पाहिले आहे, ती सवय वाढावी असे मला वाटते. चौदाव्या वाढदिवसाला लेखणी दिली, बरोबर स्वतः रचलेली छोटी कविता. मुलींना सुईदोरा भेट देण्याच्या त्या काळात ही भेट काही साधी नव्हती. आणखी एका चिठ्ठीबरोबर त्यांनी एक चित्र पाठवले. त्या चित्रात आजारी आई आणि तिच्याजवळ काम करीत बसलेली कष्टाळू मुलगी होती. या दोघी म्हणजे आपण दोघीच अशी कल्पना मी नेहमी करते, मी दुबळी झालेली असेन आणि तुझ्या श्रमाच्या भाकरीकडे डोळे लावून बसलेली असेन, अशा आशयाचे शब्द आईने त्याखाली लिहिले. यामागचे प्रेम निर्विवाद आहे. पण एका लहान मुलीच्या खांद्यावर हे केवढे ओझे ठेवले गेले, याचा विचार बहुतेक चरित्रकारांनी पुरेसा केलेला नाही असे मला वाटते. लुइझाने ते चित्र जपले, आणि आईला एक उबदार, निवांत खोली मिळवून देईन असा पण मनाशी केला. तिचे पुढचे सारे आयुष्य या एका पणाच्या हिशेबाने चालले.

कॉन्कर्डला परतल्यावर १८४५ मध्ये ‘हिलसाइड’ हे घर घेण्यात आले. त्यासाठी अ‍ॅबिगेलबाईंच्या वडिलांकडून आलेला पैसा कामी आला आणि इमर्सन यांनी ५०० डॉलर घातले. तेरा वर्षांच्या लुइझाला पहिल्यांदा स्वतःची खोली मिळाली ती येथेच. या घरात १८४७ साली गुलामगिरीतून पळून आलेल्या एका माणसाला आसराही दिला गेला. पण उत्पन्नाशिवाय घर चालेना. १८४८ मध्ये सारे बोस्टनला आले आणि अ‍ॅबिगेलबाई स्वतः नोकरीला लागल्या. शहरातल्या गरीब वस्त्यांत फिरून मदत पोचवण्याचे काम त्यांनी पगारावर केले. त्या राज्यातल्या अगदी पहिल्या पगारी समाजसेविकांत त्यांची गणना होते. नंतर त्यांनी घरकामाच्या बायकांना कामे मिळवून देणारी कचेरी चालवली. १८५३ साली मॅसॅच्युसेट्सच्या घटना-परिषदेपुढे स्त्रियांना मताधिकार मिळावा असा अर्ज गेला, त्यातही त्या पुढे होत्या. कादंबरीतली आई परोपकारी आहे, पण ही राजकीय बाजू तिच्यात उतरलेली नाही.

मुलींनीही मिळेल ते काम केले. लुइझाने शिकवण्या केल्या, शिवणकाम केले, आणि १८५१ साली डेडहॅम येथे एका घरी कामवाली म्हणून राहिली. सात आठवडे राबून हाती चार डॉलर आले. प्रकाशक जेम्स फील्ड्स यांनी तिचे लेखन पाहून, तुला लिहिणे जमणार नाही, शिकवत राहा, असा सल्ला दिला. १८५३ च्या शेवटी ब्रॉन्सन पश्चिमेकडे संवादांच्या दौऱ्यावर गेले आणि हिवाळ्यात एका रात्री थंडीने काकडत परत आले. किती मिळाले असे धाकट्या मुलीने विचारले, तेव्हा त्यांनी खिशातून एक डॉलर काढून दाखवला. अ‍ॅबिगेलबाईंनी हसून त्यांना जवळ घेतले आणि हे फार चांगले झाले असे म्हटले. लुइझाने हा प्रसंग मोठ्या प्रेमाने नोंदवून ठेवला आहे. हसणाऱ्या आईच्या मनात त्या क्षणी आणखी काय चालले होते, हे तिच्यासारख्या मुलीला कळले नसेल असे मानणे कठीण.

१८५४ च्या डिसेंबरात लुइझाचे पहिले पुस्तक निघाले. ‘फ्लॉवर फेबल्स’ या नावाच्या या परीकथा तिने इमर्सन यांच्या मुलीला, एलनला, सांगण्यासाठी रचल्या होत्या. त्याचे ३२ डॉलर मिळाले. नाताळच्या दिवशी तिने ते पुस्तक आईच्या मोज्यात ठेवले, सोबत पत्र घातले. हे माझे पहिले अपत्य आहे, यात जे काही बरे असेल ते तुझ्या उत्तेजनाचे फळ आहे, एरवी परीकथांवरून माणसे आणि वास्तव यांकडे मी वळेन अशी आशा आहे, असा त्याचा मथितार्थ. पेन्सिलीच्या डबीला बारा वर्षांनी मिळालेले हे उत्तर होते.

तिसरी मुलगी एलिझाबेथ, म्हणजे कादंबरीतली बेथ, हिला १८५६ साली स्कार्लेट तापाने गाठले. अ‍ॅबिगेलबाई ज्या गरीब कुटुंबाची शुश्रूषा करीत त्यांच्याकडून तो घरात आला. ती पूर्ण बरी झालीच नाही, आणि १४ मार्च १८५८ रोजी गेली. त्याच सुमारास अ‍ॅनाचे लग्न ठरले आणि कुटुंब कॉन्कर्डच्या ‘ऑर्चर्ड हाउस’मध्ये राहायला आले. लुइझा त्या शरद ऋतूत काम शोधायला बोस्टनला गेली. काम मिळेना, बहीण नाही, आणि एका संध्याकाळी पाण्याच्या कडेने चालताना जीव नकोसा व्हावा इतकी ती खचली. सावरल्यावर तिने घरी पत्र लिहिले, तेही हसऱ्या सुरात. दुःख सांगायचे पण आईला काळजी पडू द्यायची नाही, ही तिच्या पत्रांची शैली अशा प्रसंगांतून घडत गेली.

या शैलीनेच तिला लेखिका म्हणून नाव मिळवून दिले. यादवी युद्ध सुरू झाल्यावर, वयाची तिशी पुरी होताच ती परिचारिका म्हणून वॉशिंग्टनजवळच्या जॉर्जटाउनमधील युनियन हॉटेल रुग्णालयात दाखल झाली. तो डिसेंबर १८६२ होता. फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईतले जखमी सैनिक गाड्या भरभरून येत होते. जेमतेम सहा आठवड्यांत तिला विषमज्वराने घेरले, आणि जानेवारीत ब्रॉन्सन स्वतः जाऊन तिला बेशुद्धावस्थेत घरी घेऊन आले. आईने रात्रंदिवस जागून तिला वाचवले. रुग्णालयात तिला कॅलोमेल नावाचे पाऱ्याचे औषध देण्यात आले होते. त्याच्या विषाने आपली प्रकृती कायमची बिघडली असे ती मानी. अलीकडच्या वैद्यकीय अभ्यासकांनी ल्यूपस या व्याधीची शक्यताही मांडली आहे. रुग्णालयातून तिने घरच्यांना लिहिलेली पत्रे मात्र फुकट गेली नाहीत. थोडाफार फेरफार करून ती १८६३ मध्ये आधी वृत्तपत्रात आणि मग ‘हॉस्पिटल स्केचेस’ या नावाने पुस्तकरूपात आली, आणि वाचकांनी ती उचलून धरली. परीकथांनी जे दिले नव्हते ते घरच्या पत्रांनी दिले.

याच काळात ती आणखी एक लेखन करीत होती, त्याचा पत्ता जगाला विसाव्या शतकात लागला. सूड, फसवणूक, अफू, वेड यांनी भरलेल्या सनसनाटी कथा ती साप्ताहिकांना देई, काही निनावी, काही ए. एम. बार्नार्ड या टोपणनावाने. लिओना रोस्टेनबर्ग आणि मॅडेलिन स्टर्न या दोन संशोधिकांनी १९४० च्या दशकात हे नाव उघड केले. या कथांतल्या नायिका संतापलेल्या आहेत, आणि त्या संतापाबद्दल माफी मागत नाहीत. पैशासाठी लिहिलेला माल म्हणून त्यांकडे पाहण्याची प्रथा होती. मला वाटते, दाबून ठेवलेला राग अखेर कुठेतरी वाहून जाणारच. तो येथे वाहिला.

१८६७ साली रॉबर्ट्स ब्रदर्सचे थॉमस नाइल्स यांनी मुलींसाठी पुस्तक लिहिण्याची सूचना केली. लुइझाला ती मुळीच रुचली नाही. मुलींत मला रस नाही, बहिणी सोडल्या तर फारशा मुली मला माहीत नाहीत, असे तिचे म्हणणे. पण पैसा हवा होता. मे १८६८ मध्ये, वडिलांनी खिडकीजवळ बसवून दिलेल्या अर्धवर्तुळाकार फळीवर ती लिहायला बसली. पहिला भाग त्याच शरद ऋतूत आणि दुसरा एप्रिल १८६९ मध्ये प्रसिद्ध झाला. हक्क विकून टाकण्याऐवजी तिने नाइल्स यांच्या सल्ल्याने ते स्वतःकडे ठेवले, ही गोष्ट तिच्या कुटुंबाला तारणारी ठरली. कादंबरीत मुली आईला ‘मार्मी’ म्हणतात. घरच्या पत्रांत लुइझा आईला याच नावाने हाक मारी. वर्षानुवर्षांची कर्जे, डॉक्टरांची बिलेसुद्धा, तिने फेडून टाकली. त्यानंतर १८७० ते १८७१ या काळात ती बहीण मे हिच्यासह युरोपात फिरली. तेथून मार्मीच्या नावे आलेल्या लांबलचक पत्रांच्या नकला ब्रॉन्सन यांनी हौसेने उतरवून ठेवल्या, आणि त्या प्रवासावर पुढे ‘शॉल-स्ट्रॅप्स’ हे पुस्तक झाले. अ‍ॅनाचे यजमान वारल्याची वार्ता परदेशात कळताच, बहिणीच्या दोन मुलांची सोय व्हावी म्हणून तिने रोममध्ये ‘लिटल मेन’ लिहायला घेतले. कुटुंबातल्या प्रत्येक अडचणीला एक पुस्तक, असा जणू नेमच ठरून गेला होता.

आईची खोली मिळाली. आयुष्यभर कष्टलेल्या अ‍ॅबिगेलबाई उन्हाच्या खिडकीशी खुर्चीत बसून वाचू लागल्या. १८७३ साली निघालेली ‘वर्क’ ही कादंबरी लुइझाने त्यांना अर्पण केली. पोटासाठी बाहेर पडलेल्या एका स्त्रीची ती कथा. आईच्या अनुभवाच्या फार जवळची. धाकट्या मे हिचे चित्र पॅरिसच्या सालोंमध्ये १८७७ साली लागले, तेही त्यांनी ऐकले. त्याच वर्षी सप्टेंबरपासून त्यांची प्रकृती ढासळली. लुइझा त्यांच्या उशाशी बसून ‘अंडर द लायलॅक्स’ची पाने लिही, मध्येच ती स्वतःही अंथरुणाला खिळली. २५ नोव्हेंबर १८७७ रोजी लुइझाच्या बाहूंत त्यांनी प्राण सोडला. मे परदेशातच होती. तिला आई गेल्याचे पत्रानेच कळवावे लागले.

आईचे चरित्र लिहावे असे बापलेकींच्या मनात होते. ब्रॉन्सन यांनी तिच्या रोजनिशा आणि पत्रे वाचायला घेतली. जिच्याबरोबर आपण ४७ वर्षे संसार केला तिने काय सोसले, हे त्यांना तेव्हा पानापानांवर वाचावे लागले, आणि त्याची लाज वाटल्याचे त्यांनी नोंदवले आहे. चरित्र पूर्ण झाले नाही. काही वर्षांनी लुइझाने रोजनिशा पुन्हा वाचल्या आणि आईच्या इच्छेप्रमाणे त्या जाळून टाकल्या. ब्रॉन्सन यांच्याकडूनही काही पाने नाहीशी झाली.

या कृत्याकडे कसे पाहावे? आईने सांगितले आणि मुलीने पाळले, हे एक उत्तर आहे आणि ते खोटे नाही. शिवाय तोवर अमेरिकाभरची मुले ‘मार्मी’वर प्रेम करीत होती, आणि त्या प्रेमावर घर चालत होते. कर्जाने गांजलेली, नवऱ्यावर संतापलेली, मुलींच्या भवितव्याच्या चिंतेने रात्री लिहीत बसणारी बाई लोकांसमोर यावी असे कोणाला वाटणार? तथापि, ज्या बाईने मुलीला सांगितले होते की लिहिलेस तर स्वतःची ओळख पटेल, तिची स्वतःची ओळख पटवणारे कागद त्या मुलीच्याच हातून आगीत गेले, ही वस्तुस्थिती उरते. ‘चौघीजणी’तली आई खऱ्या आईपेक्षा शांत आहे, सोपी आहे. ते चित्र खोटे नाही, पण अर्धे आहे, आणि दुसऱ्या अर्ध्याची राख झाली आहे. ज्योला दिलेली रागाची ती कबुली एवढीच या अर्ध्यातली एक ठिणगी पुस्तकात राहून गेली.

पुढची वर्षे ओझ्याचीच गेली. मे हिचे १८७८ मध्ये लंडनला लग्न झाले, नोव्हेंबर १८७९ मध्ये मुलगी झाली आणि डिसेंबरअखेर ती गेली. मावशीचेच नाव दिलेली ती तान्ही मुलगी, लुलू, १८८० साली बोस्टनला आणली गेली आणि लुइझाने तिला वाढवले. मॅसॅच्युसेट्समध्ये स्त्रियांना शाळा समितीच्या निवडणुकीत मत देता येईल असा कायदा १८७९ मध्ये झाला, तेव्हा कॉन्कर्डमध्ये पहिले नाव नोंदवले ते लुइझाने. २९ मार्च १८८० रोजी वीस स्त्रियांनी मत दिले, आणि त्यांत ती होती. आईच्या अर्जाला तेव्हा सत्तावीस वर्षे झाली होती. १८८२ मध्ये ब्रॉन्सन यांना पक्षाघात झाला. ४ मार्च १८८८ रोजी ते वारले, आणि दोनच दिवसांनी, ६ मार्चला, वयाच्या ५५ व्या वर्षी लुइझाही गेली. कॉन्कर्डच्या स्लीपी हॉलो दफनभूमीत ती आईवडिलांच्या जवळच आहे.

पुढल्याच वर्षी एडना चेनी यांनी तिची पत्रे आणि रोजनिशीतले वेचे संपादून प्रसिद्ध केले. पेन्सिलीची डबी, चित्र, लेखणी या चिठ्ठ्या वाचकांना प्रथम तेथे भेटल्या. १९८७ साली तिची निवडक पत्रे आणि १९८९ साली रोजनिशा विद्वानांनी साक्षेपाने छापल्या. आईची जी पत्रे उरली त्यांतली बरीचशी भाऊ सॅम्युअल यांना लिहिलेली होती. शिवाय काही रोजनिशांचे तुकडे वाचले होते. मे घराण्याशी नाते असलेल्या ईव्ह लाप्लांट यांनी ती शोधून, जुळवून २०१२ मध्ये अ‍ॅबिगेल मे ऑल्कट यांच्या नावाने स्वतंत्र पुस्तक काढले. मृत्यूनंतर १३५ वर्षांनी त्या बाईंचे स्वतःचे लेखन, मुलीच्या पुस्तकातल्या पात्राच्या नावाने नव्हे तर स्वतःच्या नावाने, ग्रंथालयांत दाखल झाले.